एकवीस हजार तीनशे शेहेचाळीस तास

नवी हार्ड डिस्क घरात आली ती कॉम्प्युटरमध्ये न जाता आधी जेवणाच्या टेबलावर गेली. टेबलावर पांढरा टॉवेल अंथरला होता, वरचा दिवा खाली ओढून घेतला होता, आणि घरचे यजमान उजव्या डोळ्याला भिंग लावून डिस्कच्या स्क्रूंच्या भोकांत डोकावत होते. बायको दाराशी हात बांधून उभी होती. जावई वायर आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन अर्ध्या तासापासून खुर्चीच्या कडेवर बसला होता.

"झालं का?" बायकोने विचारलं. "लावू दे की त्यांना."

"अगं, कोरी आहे का ते तर बघू दे आधी."

"डबाबंद आणलीय दुकानातून. कोरीच असणार."

"डबा कोरा आहे. आतल्या मालाबद्दल मी अजून काही बोललेलो नाही."

एका मोठ्या कार्यालयाच्या भांडारात येणारा माल तपासून घेण्याचं काम ते एकतीस वर्षं करत होते. खुर्ची असो, खडू असो, नाहीतर कुलूप असो, त्यांच्या टेबलावरून गेल्याशिवाय आत जात नसे, आणि गेलं की कागदावर त्यांचा ठरलेला शेरा पडे: 'समक्ष पाहिले. माल नवा व योग्य.' पाठीमागे सगळं कार्यालय त्यांना भिंगराव म्हणे. हे त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

ही सवय घरीही त्यांच्यासोबत येई. काडेपेटी आणली की ते काड्या मोजत. शर्ट घेताना प्रत्येक बटण ओढून पाहत, आणि त्यात एखादं तुटलं की दुकानदाराकडे असं बघत की जणू त्यानेच तोडलं. जावई पहिल्यांदा घरी आला तेव्हा तो हात धुवायला गेल्याची संधी साधून भिंगरावांनी त्याचे बूट उलटे करून तळवे पाहिले होते. माणूस कामाला जातो म्हणतो, तर तळवे झिजलेले हवेत. ते झिजलेले होते, म्हणून लग्न झालं.

डिस्क मात्र भिंगरावांसाठी आणलेली नव्हती. ती बायकोसाठी होती. बाईंनी सव्वीस वर्षं शिवणाचे वर्ग चालवले होते, आणि गेली अकरा वर्षं त्या लहान मुलांच्या कपड्यांच्या बेतण्यावर एक पुस्तक करत होत्या. तीनशे आठ आकृत्या होत्या. प्रत्येकीत गळ्याचं माप, बगलेचा उतार, शिवणीसाठी सोडायची जागा, सगळं त्यांनी एकेक रेघ ओढून कॉम्प्युटरवर काढलं होतं. एका प्रकाशकाने पुस्तक घ्यायचं कबूल केलं होतं आणि येत्या मंगळवारी त्याचा माणूस घरी येणार होता. आधी हे सगळं खाकी कागदावर होतं. पण कागदाला कसर लागते म्हणून भिंगरावांनी एकेक कागद कॉम्प्युटरशी ताडून पाहिला आणि दोन पोती रद्दीत घातली. आता जे काही होतं ते त्या जुन्या कॉम्प्युटरच्या पोटात होतं, आणि ते पोट आठवडाभर टक टक वाजत होतं.

"आई, ही डिस्क कधीही जाईल," जावयाने सांगितलं होतं. त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटंसं दुकान होतं, त्यामुळे त्याच्या शब्दाला घरात थोडं वजन होतं. "दुसरी आणा आणि सगळं त्यात उतरवून घ्या. तोवर पेनड्राइव्हवर तरी ठेवा."

पण भिंगरावांनी आजवर तीन पेनड्राइव्ह आणून तिन्ही परत केले होते. आणि इंटरनेटवर ठेवणं म्हणजे आपली वस्तू परक्याच्या कपाटात ठेवणं, असं त्यांचं स्पष्ट मत होतं.

"हे बघा," भिंगराव एकदम म्हणाले. त्यांच्या आवाजात आनंद होता. "ह्या भोकाच्या आट्यांवर घासल्याची खूण आहे. इथे कधीतरी स्क्रू बसलेला आहे. आणि हे लेबल बघा. ह्याच्या खाली दुसऱ्या लेबलाचा डिंक आहे."

"बाबा, एक सोपा उपाय आहे," जावई म्हणाला. बिचाऱ्याला लवकर घरी जायचं होतं. "डिस्क किती तास चालली, याची नोंद ती स्वतःच ठेवते. जोडली की दिसतं. कोरी असेल तर शून्य नाहीतर एखाददुसरा तास दिसेल."

हे त्याने बोलायला नको होतं. डिस्क जोडली गेली आणि पडद्यावर आकडा आला: एकवीस हजार तीनशे शेहेचाळीस.

"कारखान्यात थोडा वेळ चालवून बघतात..." जावई पुटपुटला.

भिंगरावांनी कागदावर भागाकार केला. "आठशे एकोणनव्वद दिवस. थोडा वेळ!"

"पण चालतेय ना ती?" बायकोने विचारलं.

"उत्तम चालतेय, आई. अजून काही वर्षं सहज चालेल."

"मग माझं उतरवून घ्या आधी. भांडण नंतर करा."

"खबरदार!" भिंगराव म्हणाले. "कोणी हात लावायचा नाही. हा आता माल नाही, पुरावा आहे."

त्यांनी बायकोकडूनच एक पांढरी पिशवी शिवून घेतली, त्यात डिस्क ठेवली, चौथी बाजू बारीक टाक्यांनी बंद करवली आणि त्या शिवणीवर शाईने आडवी सही ठोकली. बायकोने टाका तोडताना दोरा दातांनी जरा जोरातच तोडला.

दुसऱ्या दिवशी दुकानदाराने पिशवी पाहिली, सही पाहिली, आणि ह्या गिऱ्हाइकाला किती वेळ द्यावा लागेल याचा अंदाज बांधला.

"काका, काय झालं?"

"तुम्ही मला वापरलेली डिस्क नवी म्हणून विकली."

"आम्हाला जशी आली तशी दिली. आम्ही काय तिच्या पोटात शिरून बघतो का? पण तुमचं समाधान महत्त्वाचं. बदलून देतो. ही घ्या दुसरी, तुमच्यासमोर जोडून दाखवतो."

त्याने खरोखरच दुसरी काढली, जोडली, आणि शून्य दाखवलं. तिथे प्रकरण मिटत होतं. पण भिंगरावांना मिटवायचं नव्हतं. एकतीस वर्षं ते कागदावर शेरे मारत आले होते आणि एकदाही समोरच्या माणसाने 'मी फसवलं' असं तोंडाने म्हटलेलं त्यांनी ऐकलं नव्हतं.

"बदलून नको. लेखी द्या."

"काय लेखी?"

"की ही वापरलेली होती आणि तुम्हाला ठाऊक होतं."

दुकानदाराने शून्यवाली डिस्क परत डब्यात ठेवली. "असं कोणी लिहून देतं का, काका? आणि कशावरून हे तास आमच्याकडे येण्याआधीचे? तुम्हीच घरी चालवली असेल."

"आठशे एकोणनव्वद दिवस? काल विकत घेऊन?"

"मग कोणाची होती ते सिद्ध करा. करा आणि या. दुकान इथेच आहे."

घरी बायकोने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, "म्हणजे तो बदलून देत होता."

"होय. घाबरला होता."

"नवी. समोर जोडून."

"होय."

"आणि तुम्ही घेतली नाही."

"प्रश्न तत्त्वाचा आहे."

आतल्या खोलीत जुना कॉम्प्युटर टक टक करत होता. बायकोने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि ती उठून गेली. भिंगरावांना वाटलं, पटलं हिला.

कार्यालयात मात्र त्यांचं कौतुक झालं. त्यांनी ही हकीकत चहाच्या वेळी एकाला सांगितली आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत ती साहेबांच्या केबिनपर्यंत पोचली. साहेबांनी बोलावून घेतलं.

"काय हो, एकवीस हजार तास?"

"आणि तीनशे शेहेचाळीस, साहेब."

"कमाल आहे तुमची! आपल्याकडेही असा माल येत असेल. असं करा, सोमवारी सगळ्या विभागांना बोलावतो. नवी वस्तू खरोखर कोरी आहे की नाही ते कसं ओळखावं, यावर तुम्ही बोला. आणि ती डिस्क घेऊन या, सगळ्यांना दाखवू. आत काय निघतं तेही पडद्यावर दाखवू."

निवृत्तीला आठ महिने उरलेल्या माणसाला साहेबांनी आपणहून भाषण करायला सांगावं, हे सुख वेगळंच होतं. भिंगराव त्या संध्याकाळी तरंगतच जावयाच्या दुकानात गेले. त्यांनी स्वतःच्या देखरेखीखाली पिशवी उसवली आणि हुकूम सोडला, "हिच्यात आधी काय होतं ते काढा. कोणाची होती ते मला कळलं पाहिजे."

"बाबा, पुसलेलं असतं सगळं."

"चोर काहीतरी मागे ठेवतोच. काढा."

जावयाने काढलं. तासाभराने पडद्यावर फाइलींची रांग लागली, कारण पुसणाऱ्याने नीट पुसलंच नव्हतं. जावयाने एक उघडली. ती एका छापील फॉर्मची प्रत होती. दुसरी उघडली, तीही तशीच. तिसरी उघडली आणि तो पडद्याच्या अगदी जवळ गेला.

"बाबा, रागावू नका, पण ही तुमची सही दिसते का हो?"

भिंगरावांनी भिंग काढलं, पण त्याची गरज नव्हती. 'समक्ष पाहिले. माल नवा व योग्य.' खाली ती सही, आडवी, शेवटी वेलांटी मारलेली, तशीच्या तशी पिशवीच्या शिवणीवर होती. ती त्यांच्याच भांडाराची डिस्क होती. दोन-अडीच वर्षं ती त्यांच्याच कार्यालयात दिवसरात्र चालली होती.

आणि मग त्यांना दुसरा कागद आठवला. तो ह्या डिस्कवर नव्हता, कारण तो ही डिस्क निघाल्यानंतरचा होता. गेल्या वर्षी चाळीस जुन्या डिस्का भंगारात काढल्या होत्या. भंगारवाल्याकडे देण्याआधी प्रत्येकीला आरपार भोक पाडायचं, म्हणजे आतलं कोणाच्या हाती लागू नये, असा नियम होता. त्यासाठी खास ड्रिल मशीन विकत घेतलं होतं. त्या दुपारी भंगारवाला चाळीस डिस्का पोत्यात भरून उभा होता, आणि नेमक्या त्याच वेळी भिंगरावांना कागदाच्या एका रिमात पाचशेऐवजी चारशे अठ्ठ्याण्णव कागद सापडले होते. ते उरलेले रिम मोजत बसले होते. कोणीतरी पुढे केलेल्या कागदावर त्यांनी मोजता मोजताच लिहून दिलं होतं: 'चाळीसही डिस्का माझ्या समक्ष भोक पाडून नष्ट केल्या.'

दोन कागद वाचवले होते त्यांनी त्या दिवशी.

"बाबा, पाणी देऊ का?"

"हे कोणाला बोलायचं नाही," भिंगराव म्हणाले.

"नाही बोलणार."

"घरीही नाही."

"आईंनाही?"

"त्यांना तर मुळीच नाही."

जावई शब्दाचा पक्का होता. बुटांच्या तळव्यांवरून जे दिसत नाही ते हे होतं. पुढे त्याच्या ह्याच गुणाने घात केला.

भिंगरावांनी पिशवी घरी आणून बायकोकडून पुन्हा शिवून घेतली, पुन्हा सही केली, आणि कपाटात साड्यांच्या मागे ठेवून दिली. त्यानंतरचे दिवस त्यांनी फार वाईट काढले. दुकानदाराकडे जायचा प्रश्नच नव्हता. सोमवारी साहेब डिस्क मागणार होते, ती सगळ्यांसमोर जोडली जाणार होती, आणि पडद्यावर वेलांटीसकट सही येणार होती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मालातली खोट काढली आणि आठ महिने उरले असताना आपणच खोटे निघालो, ह्या विचाराने त्यांना घास गिळवेना. रात्री कूस बदलताना ते एकदा मोठ्याने म्हणाले, "चारशे अठ्ठ्याण्णव." बायकोने विचारलं नाही.

खरं तर बायको काहीच विचारत नव्हती. आधी दिवसातून चार वेळा 'माझं उतरवून घ्या' म्हणणारी बाई शुक्रवारपासून गप्प होती. शिवणयंत्र चालू होतं, मधूनच ती गुणगुणत होती. आतल्या खोलीतली टकटकही थांबली होती. भिंगरावांना वाटलं, जुना कॉम्प्युटर आपोआप सुधारला. चला, एक काळजी मिटली. ते स्वतःच्या काळजीत इतके बुडाले होते की आपोआप काही सुधारत नसतं, एवढंही त्यांच्या लक्षात आलं नाही.

सोमवारी पहाटेच त्यांनी पिशवी काढली. खिडकीशी नेऊन तिचे टाके भिंगातून एकेक करून तपासले. सगळे टाके जागच्या जागी होते. सहीच्या रेघा शिवणीच्या दोन्ही बाजूंना केसभरही सरकलेल्या नव्हत्या. पिशवीला कोणाचा हात लागलेला नव्हता. एकतीस वर्षांचा अनुभव पणाला लावून त्यांनी हे मनाशी ठरवलं आणि ते कार्यालयात गेले.

भांडार उघडायला अजून तासभर होता. भिंगरावांनी सगळ्यात मागच्या फळीवरून ड्रिल मशीनचा खोका खाली काढला. तो खरेदीच्या वेळी त्यांनीच तपासला होता, आणि तपासून झाल्यावर चिकटपट्टी लावून तिच्यावर सही केली होती. चिकटपट्टी तशीच होती, कुठे फाटलेली नव्हती. आत भोक पाडायच्या सुया तेलकट कागदात गुंडाळलेल्या होत्या, एकीच्याही टोकाला धातूचा कण लागलेला नव्हता. वायरची गाठसुद्धा कोणी सोडली नव्हती. आजवर त्यांच्या हाताखालून एवढा माल गेला, पण इतका कोरा माल त्यांनी कधी पाहिला नव्हता. हा खोका रोज डोळ्यांसमोर होता, आणि चाळीस भोकांचा कागद त्यांनीच फायलीला लावला होता.

त्यांनी पिशवी एका बाजूने कापली, डिस्क शिकंज्यात पकडली आणि आयुष्यात पहिल्यांदा भोक पाडलं. मशीन किंचाळलं, डिस्क थरथरली, मग आत काहीतरी काचेसारखं फुटलं. भोक आरपार गेलं. त्यातून पलीकडची भिंत दिसत होती. चाळीसपैकी एकीचा कागद तरी आज खरा झाला, असं त्यांना वाटलं, आणि लाज वाटायच्या आधी बरं वाटलं. उरलेल्या एकोणचाळीस कोणाच्या घरात नव्या म्हणून चालत असतील, याचा विचार त्यांनी केला नाही.

साहेबांना त्यांनी सांगितलं, दुकानदाराने माफी मागितली, डिस्क परत घेतली, प्रकरण मिटलं. साहेब थोडे हिरमुसले. पण लोक जमले होते, म्हणून भाषण झालंच. भिंगराव स्क्रूच्या भोकांवर बोलले, लेबलाखालच्या डिंकावर बोलले, आणि शेवटी म्हणाले, "कागदावर जाऊ नका. स्वतःच्या डोळ्यांनी बघा." टाळ्या पडल्या. साहेबांनी तर हे वाक्य वहीत लिहून घेतलं.

भोक पडलेली डिस्क कार्यालयाच्या कचऱ्यात टाकायची त्यांची हिंमत झाली नाही. तिथलं भंगार फिरून कुठे येतं, हे त्यांना आता कळलं होतं. पिशवीत घालून ती ते घरीच घेऊन आले.

घरात दिवे लागले होते. जावई आला होता. बायको आज फारच खुशीत होती.

"आलात? बरं झालं. उद्या सकाळी दहाला प्रकाशकाचा माणूस येतोय. आता तुम्ही रागावणार, पण रागावा. काम झालंय माझं." ती त्यांची बॅग घ्यायला पुढे आली. "शुक्रवारी तुम्ही कामावर होतात तेव्हा ह्यांना बोलावून घेतलं आणि सगळं उतरवून घेतलं. तीनशे आठच्या तीनशे आठ आकृत्या. आणि बघा, संध्याकाळी जुनी डिस्क कायमची बंद पडली. अगदी वेळेवर झालं."

भिंगरावांचा हात बॅगेवरून निघेना. "कशावर उतरवलं?"

"कशावर म्हणजे? घरात दुसरी होती का? तुमच्या पुराव्यावर."

"शक्य नाही," भिंगराव म्हणाले. "पिशवी उघडलेली नव्हती. मी टाके पाहिलेत. भिंगातून पाहिलेत."

"सव्वीस वर्षं शिवण शिकवलंय मी," बायको हसून म्हणाली. "उसवलं आणि त्याच दोऱ्याने, त्याच भोकांतून परत घातलं. तुम्हाला काय कळणार होतं?"

भिंगरावांनी जावयाकडे पाहिलं. जावयाने भिंगरावांच्या बॅगेकडे पाहिलं, मग त्यांच्या शर्टाच्या बाहीला चिकटलेल्या चकचकीत धातूच्या भुशाकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा उतरला.

"बाबा," तो हळूच म्हणाला, "तुम्ही म्हणालात आईंना सांगू नका. आई म्हणाल्या बाबांना सांगू नका. मी कोणालाच नाही सांगितलं."

भिंगरावांनी बॅग उघडली. पिशवी काढली. डिस्क टेबलावर ठेवली, त्याच जागी, जिथे ती पहिल्या दिवशी टॉवेलवर ठेवली होती. "मला वाटलं..." असं म्हणून ते थांबले, कारण त्यांना काय वाटलं होतं ते सांगायचं तर रिमापासून सांगावं लागलं असतं.

बायकोने डिस्क उचलली. आकृती तपासताना धरत असे तशी ती दिव्यासमोर धरली आणि भोकातून आरपार पाहिलं. पलीकडून नवरा दिसत होता. पुस्तकाच्या अकरा वर्षांत ती कधी मोठ्या आवाजात बोलली नव्हती, आत्ताही बोलली नाही.

"हे तुम्ही स्वतः पाडलंत? समक्ष?"

त्यांनी मान हलवली.

"मग आणखी तीन पाडा," ती म्हणाली. "निदान बटण तरी होईल."